शाह-ए-झिंदा, समरकंद: भेटीआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समरकंदला जाणारे बहुतेक पर्यटक रेगिस्तान चौक, बीबी खानम मशीद आणि तैमूरची कबर असलेलं गूर-ए-अमीर यांच्यासाठी वेळ राखून ठेवतात आणि शाह-ए-झिंदा दिवसाच्या शेवटी, जमलं तर, असं ठरवतात. आमचं मत अगदी उलट आहे. वेळ कमी असेल तर बाकी काहीही कमी करा, पण या कबरस्थानाला सलग दोन तास द्या. तैमूरच्या काळातलं टाइलकाम हाताच्या अंतरावरून, मान न मोडता बघता येईल अशी दुसरी जागा शहरात नाही. आणि हे निव्वळ प्रेक्षणीय स्थळ नाही. इथे रोज जियारतीला, म्हणजे कबरीच्या दर्शनाला, माणसं येतात, त्यामुळे वागणुकीचे काही नियम आधी माहीत असलेले बरे.

शाह-ए-झिंदा म्हणजे नेमकं काय? एक मकबरा की अनेक?

अनेक. अफरासियाब नावाच्या टेकडीच्या दक्षिण उतारावर एक अरुंद गल्ली चढत जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मकबरे, मशिदी आणि जोडखोल्या अशा वीसहून अधिक इमारती आहेत. बहुतेक बांधकाम अकराव्या ते पंधराव्या शतकातलं, काही एकोणिसाव्यातलं. सगळ्याचं मूळ कुसम इब्न अब्बास यांच्या मजारीत आहे. ते पैगंबरांचे चुलतभाऊ. सातव्या शतकात, 676 च्या सुमारास अरब फौजेबरोबर ते समरकंदला आले आणि इथेच मरण पावले अशी परंपरा आहे. लोककथा सांगते की नमाज पढताना त्यांचं शीर उडवलं गेलं, ते स्वतःच आपलं शीर उचलून विहिरीत उतरले आणि आजही जमिनीखाली जिवंत आहेत. म्हणून ‘जिवंत राजा’, शाह-ए-झिंदा. ही कबर प्रतीकात्मक असावी, असं मानणारे अभ्यासकही आहेत. पण या जागेचा मान त्यावर अवलंबून नाही. पुण्यवंताच्या शेजारी पुरलं जाणं भाग्याचं, या श्रद्धेनेच बाकीचे सगळे मकबरे इथे उभे राहिले.

चंगेजखानाने समरकंद उद्ध्वस्त केलं होतं ना? मग हे कसं टिकलं?

1220 मध्ये मंगोलांनी शहर घेतलं. जुनं समरकंद अफरासियाबच्या माथ्यावर होतं. तिथली वस्ती हळूहळू उठली आणि शहर दक्षिणेकडे, आजच्या जागी सरकलं. टेकडीवर मातीचे उंचवटे उरले. मजार मात्र पूजनीय राहिली, इतकी की 1330 च्या दशकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला तेव्हा सोमवार आणि शुक्रवारच्या आदल्या रात्री शहरातले लोक दर्शनाला येत होते आणि तातारही, म्हणजे मंगोलही, नजराणे आणत होते. जियारतखान्यावरचं, म्हणजे मजारीपुढच्या दर्शनाच्या खोलीवरचं, साल 1334-35 आहे, म्हणजे ती खोली बतूताच्या भेटीच्या आसपासची. मंगोलांच्या आधीच्या खुणाही आहेत: मजारीलगतचा ठेंगणा मिनार अकराव्या शतकातला आणि समोरच्या बाजूला 1066 च्या मदरशाचे उत्खननात सापडलेले पाये.

सालं जोडीने का लिहिलेली दिसतात: 1434-35, 1385-86?

शिलालेखांत हिजरी साल असतं. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचं. ते आपल्या दोन कॅलेंडर वर्षांत विभागलं जातं आणि महिना कोरलेला नसेल तर दोन्ही सालं द्यावी लागतात. फलकावर आणि पुस्तकात एका वर्षाचा फरक दिसला तर गोंधळू नका.

भारतातून तिथे पोचायचं कसं?

दिल्लीहून ताश्कंदला थेट विमानं आहेत, सुमारे तीन तासांची. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी दिल्लीतल्या जोडविमानासाठी पुरेसा वेळ ठेवावा. व्हिसासाठी उझबेकिस्तानच्या सरकारी ई-व्हिसा संकेतस्थळावरच अर्ज करा. हुबेहूब दिसणारी मध्यस्थांची संकेतस्थळं दामदुप्पट पैसे घेतात. अर्जातलं नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट लिहा. मराठी नावांत गडबड होते ती इथेच.

ताश्कंद ते समरकंद ‘अफरोसियोब’ ही वेगवान रेल्वे सव्वादोन तासांच्या आसपास घेते. वसंतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिची तिकिटं आधीच संपतात, म्हणून प्रवासाच्या तारखा ठरल्या की पहिलं काम हे करा. नाही मिळाली तर साध्या गाड्या आहेत. त्यांना वेळ जास्त लागतो, पण जागा बहुधा मिळते. स्टेशनच्या दारातच पासपोर्ट आणि सामान तपासतात, त्यामुळे गाडीच्या वेळेआधी अर्धा-पाऊण तास पोचा.

समरकंद शहरातून शाह-ए-झिंदाला?

रेगिस्तानहून पायी साधारण अर्धा तास. वाट सोपी आणि बघण्यासारखी आहे: पादचारी रस्त्याने बीबी खानमपर्यंत, तिथून सियाब बाजाराच्या कडेने पुढे, मग मोठा रस्ता ओलांडणारा पादचारी पूल. पुलापलीकडे उंचावर हजरत खिझ्र मशीद दिसते. तिथून रस्त्याच्या कडेने उजवीकडे चालत राहिलं की निळे घुमट दिसू लागतात. टॅक्सीचं ॲप वापरत असाल तर ‘शोही झिंदा’ असं शोधा, उझबेक उच्चार तो आहे. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी केली तर भाडं बसण्याआधी ठरवा.

तिकीट कुठे, पैसे कशात?

तिकीट खाली, दर्शनी कमानीपाशी मिळतं. पैसे उझबेकी सोममध्ये. नोटांवरचे आकडे हजारांत असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी शून्य मोजताना चुका होतात. पाच हजार आणि पन्नास हजारांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यांत ठेवा. रुपये कुणी घेत नाही. डॉलर न्या आणि बँकेत बदला. फाटक्या, शिक्का मारलेल्या किंवा जुन्या मळक्या डॉलरच्या नोटा परत करतात, म्हणून निघतानाच कोऱ्या नोटा मागून घ्या.

उघडण्या-मिटण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. त्या दिवसाची वेळ सकाळी हॉटेलात विचारूनच निघा.

कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जावं?

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैमध्ये पारा पस्तिशीच्या वर असतो आणि टाइलच्या भिंतींमधल्या गल्लीत दुपारी उभं राहवत नाही. जानेवारीत बर्फ पडतं. निळ्या घुमटांवर ते सुरेख दिसतं, पण पायऱ्या निसरड्या होतात. 21 मार्चच्या नवरोजच्या आसपास स्थानिक कुटुंबांची प्रचंड गर्दी असते.

दिवसाची वेळ ठरवताना गल्लीची दिशा लक्षात घ्या. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते, म्हणजे मकबऱ्यांची तोंडं पूर्वेला किंवा पश्चिमेला आहेत. चढताना डावीकडचे मकबरे पूर्वाभिमुख, त्यांच्यावर ऊन सकाळी येतं. उजवीकडचे पश्चिमाभिमुख, त्यांच्यावर दुपारनंतर. गल्ली अरुंद असल्याने कोवळं ऊन फक्त कमानींच्या माथ्याला लागतं, खालपर्यंत उतरायला दहा वाजतात. आणि नेमके दहा ते बारा बसने येणारे गट असतात. आमची शिफारस: उघडताच आत जा, गर्दी होण्याआधी आतल्या खोल्या बघा, मग ऊन खाली उतरलं की डाव्या बाजूच्या कमानी. उजव्या बाजूसाठी तिसऱ्या प्रहरी पुन्हा यावंसं वाटलं तर नवीन तिकीट काढावं लागेल, हे धरून चला.

पायऱ्या किती आहेत? ज्येष्ठांना झेपतील का?

मुख्य जिन्याला 36 पायऱ्या आहेत, असं सांगितलं जातं. चढताना आणि उतरताना मोजायच्या आणि दोन्ही वेळा आकडा जुळला तर मनातली इच्छा पुरी होते किंवा पापं फिटतात, अशी लोकांची समजूत आहे. कुटुंबंच्या कुटुंबं ओठ हलवत चढताना दिसतील. मोजणाऱ्याला मध्येच हाक मारू नका.

गुडघेदुखी असलेल्यांसाठी खरी अडचण आकड्याची नाही. पायऱ्या उंच आहेत, कडा घासलेल्या आहेत आणि उतरताना समोर एकदम उतार दिसतो. काठी असेल तर घ्या. मध्ये थांबा, डावीकडे जोडघुमटांचा मकबरा आहे, तो बघत दम खाता येतो. वर पोचल्यावर गल्ली बऱ्यापैकी सपाट आहे, पण प्रत्येक मकबऱ्याच्या दाराला उंबरा आणि पुढे पायऱ्या आहेत, आणि काही दारं इतकी बुटकी की वाकावं लागतं. उजेडातून एकदम काळोखात शिरताना ठेच लागते. दारात दोन क्षण थांबून डोळे सरावले की मग आत पाऊल टाका. स्वच्छतागृह आणि पाण्याची बाटली दोन्ही खालीच आटोपून घ्या.

कोणत्या क्रमाने बघावं?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच. कारण ही गल्ली उलट्या बाजूने वाढलेली आहे. सर्वांत जुनी वास्तू, म्हणजे कुसम यांची मजार, सर्वांत वर. मधल्या टप्प्यात तैमूरच्या राजवटीतले, 1370 आणि 1380 च्या दशकांतले मकबरे. आणि खालची प्रवेशकमान सर्वांत उशिराची: 1434-35 मध्ये तैमूरचा नातू उलुग बेग याने आपला मुलगा अब्दुलअझीझ याच्या नावाने बांधली. म्हणजे जिना चढणारा पर्यटक नव्याकडून जुन्याकडे जातो, आधी परिपक्व काम बघतो आणि मग त्याची सुरुवात. त्यामुळे वर पोचेपर्यंत सगळं सारखंच निळं वाटू लागतं आणि उत्तरेचं टोक घाईत उरकलं जातं.

म्हणून असं करा. जिना चढा, मधली गल्ली न थांबता ओलांडा, घुमटी छताखालच्या चोरताक नावाच्या चारकमानी वाटेतून थेट उत्तरेच्या चौकात जा. तिथून सुरुवात करून कालक्रमाने खाली या. अपवाद आहेत, उदाहरणार्थ वरच्या चौकातला तुमान आका मकबरा 1404-05 चा आहे, मधल्या गल्लीपेक्षा नवा. पण मोठा प्रवाह वरून खाली असाच आहे, आणि या क्रमाने बघितलं की टाइल घडवण्याची एकेक युक्ती कशी जन्माला आली ते डोळ्यांसमोर उलगडतं.

उत्तरेच्या चौकात काय बघायचं?

गल्ली जिथे संपते तिथे समोर खोजा अहमद यांचा मकबरा, 1340 च्या दशकातला. तैमूरच्या आधीचा. त्याच्या काटकोनात उजवीकडे 1361 चा, एका स्त्रीचा मकबरा. हे दोन्ही शेजारी असणं ही अभ्यासूंसाठी पर्वणी आहे. दोन्हींवर कोरीव भाजक्या मातीचं काम आहे: माती ओली असताना नक्षी खोल कोरायची, वाळवून भाजायची आणि वर फिरोजी, पांढरा झिलईचा थर देऊन पुन्हा भाजायचं. अक्षरं आणि वेली पार्श्वभूमीपासून उठून येतात, सावल्या पडतात. खोजा अहमदच्या कमानीवर फख्र-ए-अली या कारागिराची सही आहे.

डावीकडे तुमान आका, तैमूरची एक पत्नी. साठ वर्षांत काय बदललं ते इथे कळतं. कोरीव मातीचा उठाव गेला, सपाट मोझेक आला, रंगांची संख्या वाढली.

कुसम इब्न अब्बास यांची कबर प्रत्यक्ष दिसते का?

दिसते, लाकडी जाळीतून. चौकाकडे जाणाऱ्या वरच्या चोरताकातच उजवीकडे कोरीव लाकडी दार आहे. ते 1404-05 चं, शिराजच्या युसुफ नावाच्या कारागिराने घडवलेलं. पुष्कळ लोक घाईत त्याच्या शेजारून निघून जातात. दारातून एक अरुंद वाट आत नेते, पुढे मशीद, मग जियारतखाना, आणि त्यापलीकडे जाळीआड गूरखाना, म्हणजे प्रत्यक्ष कबरीची खोली. कबरीवर पायऱ्यापायऱ्यांचं, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं टाइलमढं बांधकाम आहे, सोनेरी रेघांसकट. जाळीच्या भोकातून बघायचं असल्याने डोळे अंधाराला सरावायला वेळ द्या. मोबाइलचा दिवा लावू नका, मागे कुणीतरी दुआ मागत बसलेलं असतं.

तिथे वागायचं कसं? आम्ही मुसलमान नाही, आत जाऊ शकतो का?

जाऊ शकता, कुणी विचारत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. स्त्रियांनी ओढणी किंवा स्कार्फ बरोबर ठेवावा आणि मजारीच्या भागात डोक्यावर घ्यावा. जिथे गालिचा अंथरलेला आहे तिथे बूट काढा.

आपल्याकडे खुलदाबादला किंवा हाजीअलीला जाणाऱ्यांची एक सवय इथे आवरावी लागते. मध्य आशियात कबरीवर चादर किंवा फुलं चढवण्याची रीत नाही. कबरीपुढे डोकं टेकणं, कबरीचं चुंबन घेणं, मेणबत्ती लावणं, चिंधी बांधणं यांना उझबेकिस्तानात अधिकृतपणे मनाई केली जाते. नारळ, हार, अगरबत्ती हॉटेलातच राहू द्या. प्रदक्षिणाही घालू नका.

स्थानिक रीत अशी: बाकावर किंवा भिंतीलगत बसायचं, कुणीतरी कुराणातला काही भाग म्हणतं, सगळे तळहात वर करून ऐकतात आणि शेवटी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवतात. तुम्ही आत असताना पठण सुरू झालं तर जिथे असाल तिथे शांत बसा, मधूनच उठून जाऊ नका. संपलं की चार-पाच क्षणांत वाट मोकळी होते. म्हणणाऱ्याला ऐच्छिक रक्कम देतात, तुम्ही दिलीच पाहिजे असं नाही.

मधल्या गल्लीत एवढे देखणे मकबरे आहेत. एकच नीट बघायचा असेल तर कोणता?

शादी मुल्क आका. चोरताकाकडून खाली येताना उजव्या हाताला, खालून चढताना डाव्या हाताला. 1372 मध्ये तैमूरची मोठी बहीण तुर्कान आका हिने आपल्या तरुण वयात गेलेल्या मुलीसाठी तो बांधला आणि 1383 मध्ये तिलाही इथेच मुलीशेजारी पुरण्यात आलं. दारावरचा लेख या जागेला बाग म्हणतो आणि हरवलेल्या मोत्याबद्दल बोलतो. हे आईचं दुःख आहे, राजघराण्याचा थाट नंतर.

हा मकबरा निवडण्याचं दुसरं कारण म्हणजे इथलं मूळ काम गल्लीत सर्वांत चांगलं टिकलं आहे. दर्शनी कमानीच्या दोन्ही कडांना उभे चौकोनी तक्ते आहेत. त्यांतल्या वेली भाजक्या मातीत इतक्या खोल कोरल्या आहेत की कडेने बघितलं तर बोट आत जाईल असं वाटतं (घालू मात्र नका). कोपऱ्यातले बारीक खांबही टाइलचेच, आणि नक्षीत शम्सुद्दीन आणि बद्रुद्दीन या कारागिरांची नावं लपलेली आहेत. आत गेलात की जमिनीपासून घुमटापर्यंत टाइल, रिकामी भिंत नाही. वर बघा: घुमट आठ पाकळ्यांत विभागलेला आहे आणि प्रत्येक पाकळीत थेंबाच्या आकाराचं पदक आहे. मध्यभागी उभं राहून स्वतःभोवती सावकाश एकदा फिरलं की पूर्ण रचना ध्यानात येते.

समोरच शिरीन बिका आका, तैमूरच्या दुसऱ्या बहिणीचा, 1385-86 चा. मधली काही पावलं ओलांडली की तंत्र बदलतं. इथे इथल्या सुरुवातीच्या तुकडेजोड मोझेकचं काम आहे. त्यावरच्या लेखात सॉक्रेटिसच्या नावाने एक वचन आहे. समरकंदच्या राजकन्येच्या कबरीवर ग्रीक तत्त्वज्ञ, हे वाचून मनाला फार बरं वाटतं.

टाइलची वेगवेगळी तंत्रं ओळखायची कशी?

तीन तंत्रं लक्षात ठेवा. कोरीव भाजक्या मातीचं वर सांगितलंच: नक्षी उठावाची, तिरक्या उजेडात सावली पडते.

दुसरं, एकाच फरशीवर अनेक रंग. रंग भाजताना वितळून एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तेल आणि मँगनीजची काळी रेघ ओढतात. जवळून बघितलं की ही बारीक काळी रेघ दिसते आणि फरश्यांचे चौकोनी सांधे नक्षी मधेच कापतात. काम लवकर होतं, पण सगळे रंग एकाच भट्टीत एकाच तापमानाला भाजले जातात, त्यामुळे काही रंग किंचित फिके राहतात.

तिसरं, मोझेक. प्रत्येक रंगाची फरशी वेगळी, त्या रंगाला लागेल त्या तापमानाला भाजतात, मग छिन्नीने पान, फूल, अक्षराचा काना असे तुकडे कापून घेतात. ते उपडे जुळवून मागून ‘गांच’ म्हणजे जिप्समचा गिलावा ओततात आणि घट्ट झालेला पूर्ण तक्ता भिंतीवर चढवतात. ओळखीची खूण: सांधा नक्षीच्या रेषेवरूनच जातो, काळी रेघ नसते, रंग खणखणीत असतात. कष्ट कित्येक पटींनी जास्त.

फिरोजी रंग तांब्याच्या ऑक्साइडचा, तोही झिलईत वनस्पतींच्या राखेतला क्षार असेल तेव्हाच. शिशाच्या झिलईत तेच तांबं हिरवं होतं. गर्द निळा कोबाल्टचा, पांढरा कथिलाचा, जांभळट तपकिरी मँगनीजचा.

सगळं इतकं नवं-कोरं का दिसतं? हे मूळ आहे का?

काही मूळ, बरंच दुरुस्त. सोव्हिएत काळात ही जागा संग्रहालय म्हणून जपली गेली आणि 2004-05 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. घुमटांवर नवी टाइल बसली, गळालेले भाग नव्याने भरले गेले. त्यावर अभ्यासकांनी टीका केली आणि ती रास्त वाटते: पडझडीचा पुरावा पुसला गेला की मूळ काय होतं ते कळत नाही.

पडझड होते तरी का? टेकडीच्या मातीतलं पाणी क्षार घेऊन विटांमधून वर चढतं. पाणी उडून गेलं की झिलईमागे क्षारांचे स्फटिक फुगतात आणि टाइलचा पापुद्रा सुटतो. म्हणून जमिनीलगतचा पट्टा सर्वांत आधी जातो. वरच्या भागाला भूकंप आणि हिवाळ्यात भेगांत गोठणारं पाणी नडतं.

जुनं ओळखायचं असेल तर डोळा झिलईवर ठेवा. जुन्या झिलईत केसासारख्या बारीक चिरा असतात, एकाच रंगाच्या दोन फरश्यांत छटा वेगळ्या, कडा थोड्या उडालेल्या. नवी टाइल एकसारखी चकचकीत, कडा धारदार, सांधे सरळ. सोन्याचा मुलामा बहुतेक ठिकाणी झिजला आहे. तो अस्पष्ट, तुटक दिसला तर जुना समजायला हरकत नाही.

जिन्यालगतच्या जोडघुमटांत खगोलशास्त्रज्ञ काझीजादे रूमी पुरलेले आहेत का?

नाव तसं पडलं आहे, पण उत्खननात तिथे एका स्त्रीचे अवशेष मिळाले. ती तैमूरची दाई असावी असं मानतात. गाइड जुनंच सांगत असेल तर वाद घालत बसू नका. मकबरा पंधराव्या शतकातला, उलुग बेगच्या काळातला, आणि उंच मानेवरचे त्याचे दोन घुमट लांबूनही ओळखू येतात.

बाबराचा या जागेशी काही संबंध आहे का?

आत्मचरित्रात समरकंदचं वर्णन करताना तो शहराच्या लोखंडी दरवाजाबाहेरच्या या मजारीचा उल्लेख करतो. समरकंद त्याने तीनदा जिंकलं आणि प्रत्येक वेळी गमावलं, आणि मग भारताकडे वळला. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघितलेल्या माणसाला इथल्या उंच कमानी आणि घुमट ओळखीचे वाटतात ते या घराण्यामुळे. तैमूर हा त्या वंशाचा मूळपुरुष.

फोटो काढता येतात का?

हो. फ्लॅश टाळा, तिपाई अरुंद गल्लीत वाट अडवते, आणि ड्रोन भारतातून नेऊच नका: परवानगीशिवाय तो कस्टममध्येच अडकतो. मधल्या गल्लीत पूर्ण कमान फ्रेममध्ये बसत नाही, ही सगळ्यांची तक्रार. उपाय सोपा आहे: समोरच्या मकबऱ्याच्या उंबऱ्यावर, शक्य तितकं आत जाऊन पाठ टेकवा आणि फोन उभा धरा. मधोमध उभं राहून कॅमेरा वर वळवला तर उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात. दुआ मागणाऱ्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

शेजारच्या आधुनिक कबरस्थानात काळ्या दगडांवर मृतांचे चेहरे कोरलेले आहेत. तिथे आजही घरची माणसं येतात. कॅमेरा खिशात ठेवून चाला.

गाइड घ्यावा का?

अरबी-फारसी लेख वाचून दाखवणारा असेल तर जरूर. फक्त दंतकथा आणि पायऱ्यांचा आकडा सांगणारा असेल तर वरचा क्रम पुरेसा आहे. मोठ्या गटातून जाणाऱ्यांनी टूर मॅनेजरला आधीच सांगून ठेवावं की इथे अर्ध्या तासाचा थांबा चालणार नाही.

आसपास आणखी काय जोडता येईल? जेवणाचं काय?

अफरासियाब संग्रहालय जवळच आहे. तिथलं सातव्या शतकातलं ‘राजदूतांचं’ भित्तिचित्र 1965 मध्ये सापडलं. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवरची दृश्यं भारताशी जोडली जातात, म्हणून आपल्या लोकांनी ते चुकवू नये. तिकीट वेगळं. पुढे उलुग बेगची वेधशाळा, टॅक्सीने.

जेवायला सियाब बाजार. समरकंदचा जाड, चकचकीत नान एका माणसाला संपत नाही. पलाव दुपारीच खावा, संध्याकाळपर्यंत संपतो. शाकाहारींनी ‘गोश्तसिज’ हा शब्द पाठ करावा, पण मांसाच्या रश्श्यात शिजलेला भात कुणी मांसाहारी धरत नाही, हेही ध्यानात ठेवावं. नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, फळं आणि भोपळ्याचा सामसा यावर दिवस निभतो.

खाली पडलेला टाइलचा तुकडा आठवण म्हणून आणला तर?

नाही. कारण दोन. हा परिसर 2001 पासून जागतिक वारसा यादीतल्या समरकंदचा भाग आहे आणि पडलेला तुकडाही दुरुस्ती करणाऱ्यांच्या कामाचा असतो: रंग, माती, गिलावा तपासायला मूळ नमुना लागतो. आणि पुरातन वस्तू दाखल्याशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासलं जातं. तुकडा दिसला तर तिथल्या रखवालदाराला दाखवा. टाइल हवीच असेल तर दारापाशी नव्या, हाताने रंगवलेल्या मिळतात. घेताना पावती मागून घ्या, म्हणजे कस्टमने विचारलं तर ती नवी आहे हे दाखवता येईल.